घरमालकाची मुलाखत

भिंगारला आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. मी नगरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. ती दवाखान्यात नर्स होती, मूळची तिसगावची. खोली माडीवर, जिना बाहेरून. खाली घरमालक आणि त्यांची बायको. घरमालक लष्कराच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. आम्ही त्यांना काका म्हणायचो. "मी माणूस चालीवरनं ओळखतो," हे त्यांचं वाक्य बाजारातल्या भाजीवालीलाही पाठ होतं.

आमच्यात जे होतं त्याला आमच्याजवळ शब्द नव्हता, आणि आम्ही तो शोधतही नव्हतो. ती ड्यूटीवरून आली की मी स्टोव्ह पेटवायची. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पेशंटांच्या नकला करायची. कुणी पुरुष कधी वर येत नव्हता, त्यामुळे गल्लीत आमचं नाव चांगलं होतं.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर एका रविवारी तिचा मोठा भाऊ आला. चपलांसकट आत शिरला आणि तिला म्हणाला, "सामान आवर." ती माझ्याकडे बघायला लागली तसं त्यानं तिचं मनगट धरलं. मी मध्ये पडले.

"बाई, तुमी शिकलेल्या हायेत, तुमाला काय बोलायचं?" तो म्हणाला. "पन माज्या भनीला सोडा आता."

जिन्याखाली काका हात मागे बांधून उभे होते. ती गेल्यावर ते मला म्हणाले, "संध्याकाळच्या आत खोली रिकामी करा. हे चांगल्या लोकांचं घर आहे." माझी ट्रंक गल्लीत आली तेव्हा समोरच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. मी रडले नाही. काकांचा चेहरा तेवढा नीट बघून घेतला.

त्याच लग्नसराईत तिला कोपरगावकडच्या एका बिजवराच्या गळ्यात बांधल्याचं कानावर आलं.

पीएच.डी. मला करायचीच होती. मी विषय बदलला. शहरात एकट्या बाईला खोली कोण देतं आणि काय बघून देतं, हा माझा नवा विषय. पुण्याचे माझे मार्गदर्शक हसले. "या ओट्यावरच्या गप्पा झाल्या. यात शास्त्र कुठाय?"

"घरभाड्याचा प्रश्न म्हणून लिहिते, सर," मी म्हटलं. मग ते तयार झाले. आज याच कामाला विद्यापीठांत लांबलचक नावं आहेत, आणि त्यावर बोलायला मला विमानाचं तिकीट पाठवतात. तेव्हा मात्र डोक्यात एकच घर होतं.

बहात्तरच्या दुष्काळात खेड्यांतली माणसं नगरला येत होती. खोल्यांना मागणी होती आणि घरमालक तोऱ्यात होते. मी गल्ल्यागल्ल्यांतून हिंडले, कित्येकांशी बोलले. काकांना मुद्दाम शेवटी ठेवलं. पांढरी साडी नेसून गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "काका, तेव्हा तुमचंच बरोबर होतं. बाकीच्या घरमालकांना तुमचा अनुभव कळायला हवा."

काका फुलले. बायकोला चहा टाकायला सांगितला. "बाई, बाप्ये प्यायले तरी परवडतात," ते म्हणाले. "पण दोन बाया एकत्र म्हणजे लक्ष ठेवावं लागतं."

"लक्ष कसं ठेवायचं, काका?"

"जिन्यात उभं राहायचं. दाराला फट होतीच. तुम्ही दोघी होता तेव्हा मी रोज उभा राहायचो. जेवण झालं की जायचो. पाय दुखले, पण चुकवलं नाही. अहो, मी माणूस चालीवरनं ओळखतो."

मी मान हलवत सगळं लिहून घेतलं. संशोधनाची नीती मी पुढे पुष्कळ वर्षं शिकवली, आणि त्या दुपारचं मला आजही काही वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या वाचनालयानं माझं व्याख्यान ठेवलं. काका तिथले जुने सभासद, पहिल्या रांगेत बसले. मी नाव घेतलं नाही. "एक घरमालक म्हणाले," असं म्हणून त्यांचीच वाक्यं त्यांच्याच लयीत वाचली. फट वाचली, दुखलेले पाय वाचले. चालीवरनं माणूस ओळखण्याशी आले तेव्हा मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसला. काका उठले, पण दारापर्यंत जायला सगळ्यांच्या मधूनच वाट होती. मी पाणी प्यायले आणि ते बाहेर पडेपर्यंत थांबले. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही.

त्यानंतर ते बाजारात दिसले की पोरं चालीची नक्कल करत मागे लागायची. माडीवरची खोली कुणी घेईना.

एके दिवशी त्यांच्या बायकोनं मला भर बाजारात अडवलं. "त्यांच्यावर कशापायी डूख धरला? तिच्या भावाला सांगावा मी धाडला हुता."

"तुम्ही? का?"

"जेवनाचं ताट सरकवलं की मानूस जिन्यात. म्हईनेच्या म्हईने. मी खाली एकली भांडी घासायची. त्यास्नी काय हाकलता येतं व्हय मला? तुमाला हाकलता येत हुतं."

मी तिथेच उभी राहिले. तिला माफ केलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण मी केलं नाही. "काकू, हेही प्रबंधात घालते," एवढंच म्हणाले, आणि घातलं. परीक्षकांना सगळ्यात तेच प्रकरण आवडलं.

पदवी मिळाल्यावर मी कोपरगावला गेले. ती साखर कारखान्याच्या दवाखान्यात पट्ट्या बांधत होती. अंगानं वाळली होती. बाहेर उसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं, हॉल कसा हसला तेही करून दाखवलं.

तिनं ऐकून घेतलं. "मला काय मिळालं त्यातनं?"

"तुला काही नाही," मी म्हटलं. "मला मिळालं."

तिनं हातातली पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली. मग विचारलं, "बाहेर पडताना पडले का गं ते? कुठं ठेचकाळले?"

"उंबऱ्यावर अडखळले."

"नीट सांग," ती जवळ सरकत म्हणाली. "पहिल्यापासनं सांग."