तेरावं पाकीट

कथा लिहिणारे पुष्कळ असतील, पण कथांना दर गुरुवारी साप्ताहिक सुट्टी देणारा माणूस जगात एकच झाला आणि तो जोगेश्वरीला आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत होता. आयुष्य गिरणीच्या कापडगोदामात गेलेलं. गिरणी बंद पडल्यावर या गृहस्थांनी घरातच कथांचं दुकान काढलं. दहा ते एक कामाची वेळ. एक वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेनाला टोपण. बायको वारलेली, जेवायला हाक मारणारं कुणी नाही; मग भोंग्याऐवजी स्वतःच गॅलरीत येऊन घसा खाकरत. दिवाळी अंकांच्या संपादकांना ते नमुना म्हणून कथेचा फक्त पहिला परिच्छेद पाठवत. “अख्खा तागा कोण उलगडून बघतो, वहिनी? टोक बघतात.” एका गोंधळलेल्या संपादकाने तेवढाच परिच्छेद लघुकथा म्हणून छापला.

मी याद्या करणारी बाई, म्हणून मालाचं रजिस्टर माझ्याकडे आलं. विनोदी तीन, करुण सात, भुताच्या दोन. पण त्यांच्या विनोदी कथेने मला रडू यायचं आणि भूत इतकं सज्जन, की त्याला चहाला बोलवावं. “भाऊजी, रकाना बदलू का?” “नको. माल कुठल्या फळीवर आहे ते लिहा. कसा आहे ते गिऱ्हाईक बघेल.”

एका भाद्रपदात ते काविळीने झोपले. म्हणाले, “फळी रिकामी करा, हंगाम जातोय.” मी सगळी पाकिटं आधी डिंकाने बंद केली, मग पत्ते घातले, तासाभरात पोस्टात. संध्याकाळी रजिस्टरवर खुणा करताना कळलं, पाकिटं बारा हवीत आणि मी तेरा टाकली.

तेरावं फळीवर अंथरलेल्या पुठ्ठ्याखाली ठेवलेलं, बायकोवर लिहिलेलं होतं. आठ वर्षं एकेक ओळ बदलत आणलेलं. त्याची ना नोंद, ना कार्बन प्रत. कुठल्या संपादकाला गेलं, तेही मला सांगता येईना. “वहिनी, गल्ल्यामागचा देवाचा फोटो विकलात तुम्ही,” एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मी तेराही संपादकांना पत्रं टाकली. उत्तर एकाचंही नाही.

दिवाळीत ते छापून आलं, विनोदी विभागात. अंक घेऊन मी वर गेले. “त्यांनी विनोदी म्हणून छापलंय,” मी चाचरत सांगितलं. त्यांनी पहिलं पान वाचलं. “बरोबर फळीवर लावलंय. माझं लिहिणं वाचून ती हसायचीच.”

त्या दिवशी एक वाजून गेला तरी ते अंक वाचतच बसले होते; वरून घसा खाकरल्याचा आवाज आला नाही. रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. तेराव्या ओळीत ‘गेलं’ लिहायचं की ‘सापडलं’, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.