बिरोबाला सोडलेली मेंढरं

केंदूरच्या अलीकडं ओढ्याकाठी बिरोबाची राई आहे. तिथं कुऱ्हाड चालत नाही. वाळलेली फांदी पडली तरी जागीच कुजते. करंज, उंबर, पिंपरणी अशी, की दोघांच्या कवेत मावू नयेत. पण सगळी झाडं म्हातारी, खाली रोप म्हणून दिसेना. कारण गावाला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. नवसाची मेंढरं बिरोबाला सोडलेली. ती हाकलायची नाहीत, विकायची नाहीत. उगवेल तो कोंभ ती खात गेली.

बहुतेक पिलावळ कुशाबाईच्या मेंढीची. कळपामागं हिंडायचे दिवस होते, तेव्हा तिचा तान्हा शंभू तापानं फणफणला. तिनं कळपातली देखणी मेंढी राईत सोडली. पोरगं वाचलं. पुढं तिचा नवरा गेणबा कळप मोडून शेतीला लागला आणि शंभू सणसवाडीच्या कंपनीत.

सत्त्याण्णव साली गाव, वनखातं आणि एक संस्था यांनी राई राखायचा करार ठरवला. शेजारचं आपलं पडीक रान चांदभाईंनी राई पसरायला दिलं. वनखात्यानं अट एकच घातली, आत जनावर दिसलं की करार मोडला. चावडीवर गाव जमलं.

गेणबा म्हणाला, "वनखात्याला म्हणावं, बिरोबाला नोटीस काढा."

लोक हसले. चांदभाई हसले नाहीत. "गेणबा, माजा आजा त्या उंबराखाली निजायचा. आपल्या माघारी तितं सावली बी ऱ्हायची न्हाई," म्हणाले, आणि उठून गेले.

सकाळी कुशाबाई दोर घेऊन निघाली. दिल्यालं माघारी घेतीस, पोरावर उलटंल, म्हणून गेणबा आडवा आला. तरी ती गेली, देवापुढं बसली.

"मेंढरं तुजीच हायती, मी निस्ती सांभाळते. चुकलं आसंल तर माज्यावर काढ. शंभूकडं बघू नगं."

एकेक करून तिनं ती दारात आणून बांधली. मग बाकीच्यांनीही आपापली नेली. तिनं नर वेगळे ठेवले, वीण वाढू दिली नाही. डोक्यावरून चारा वाहिला. कातरलेली लोकर बिरोबालाच नेऊन दिली. बायका पाठीमागं बोलायच्या, देवाचं आणून घरात बांधलं म्हणून. शंभूला यायला उशीर झाला की ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची, आला की आधी कपाळाला हात लावायची. "आये, बस चुकली व्हती," तो वैतागून म्हणायचा.

काही वर्षांनी शेवटची मेंढी मेली तेव्हा चांदभाई कुदळ घेऊन आले. आपण दिलेल्या रानात, उंबराच्या सावलीला पुरू म्हणाले.

"आत नगं, चांदभाई. करार हाय."

मग दोघांनी राईच्या कुंपणाबाहेर बांधाला खड्डा घेतला. आत करंजाची रोपं कमरेला आली होती. कुशाबाईनं माती लोटली, हात झटकले, आणि शंभूची कंपनीतली पाळी सुटायची वेळ झाली म्हणून रस्त्याकडं निघाली.