केळीच्या पानांखालची फियाट

नरहरी राऊत म्हणजे आमच्या वाडीतला सर्वांत कायदेशीर माणूस. कुणाच्या सायकलला घंटी नसली तरी तो कलम सांगायचा. १९९७ साली त्याने जुनी फियाट घेतली, तेव्हा लायसन्स फ्रेम करून ते देवघराशेजारी टांगलं. गाडी तो चालवायचा. पुढे कोण आहे हे शेजारी बसलेल्या मनोरमावहिनी सांगायच्या.

एका दुपारी वहिनी घरी होत्या. त्यामुळे तीन वाजता चर्चच्या वळणावर नरहरीने एका सायकलला मागून ठोकलं. सायकलवर आल्बर्ट होता, बांधाला बांध लागून असलेला शेजारी आणि शाळेपासूनचा दोस्त. तो पाटात तोंडावर पडला. आरशात त्याचे हलणारे दोन पाय पाहून, जिवंत आहे याचं नरहरीला एवढं समाधान झालं, की तो थांबलाच नाही.

घरी आल्यावर फुटलेला दिवा लपवायचा प्रश्न आला. वसईच्या बागाईतदाराला झाकायला एकच वस्तू सुचते. त्याने सपासप केळीची पन्नासेक पानं कापली आणि फियाट झाकून टाकली.

पळण्यापेक्षा मोठी चूक ही. सणवार नसताना एवढी पानं कापली, म्हणजे घरात कार्य, हे आमच्याकडे कुत्र्यालाही कळतं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता शकूमावशी दारात.

"नऱ्या, सलोनीचं जमलं आणि आम्ही परके? मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?" आतून नरहरीची लेक सलोनी ओरडली.

"बघ, लाजतेय!"

दहापर्यंत ओटा भरला. सर्वांत शेवटी आल्बर्ट आला. हाताला प्लास्टर, मागे बायको डेल्फिन केक घेऊन.

"हात मोडला म्हणून काय झालं? पोरीच्या साखरपुड्याला येनार नाय मी?"

"को... कोणी मोडला?" नरहरीच्या गळ्यातून कोंबडीचा आवाज आला.

"मुंबईवाला असनार कोनी. आपल्यातला असता तर थांबला असता."

नरहरी उठला आणि चुलत बहिणीला मागच्या पडवीत घेऊन गेला. प्रेमलता वसई कोर्टात वकील; तीही जेवणाच्या आशेने आली होती. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"जखमीला डॉक्टरकडे न्यायचं आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं, हा कायदा आहे, दादा. पहिलं तू केलं नाहीस. दुसऱ्याला तीन वाजेपर्यंत वेळ आहे. नाही कळवलंस, तर तीन महिने कैद, पाचशे दंड, किंवा दोन्ही. शिवाय हाड मोडलं त्याचा खटला वेगळा. लायसन्सही जाऊ शकतं."

"जमाव मारील म्हणून पळालो, असं सांगू?"

"जमावात कोण होतं?"

"एक म्हैस."

"दादा!"

"पण आल्बर्टने माफ केलं तर?"

"हाताचं तो कोर्टाच्या परवानगीने मिटवू शकेल. पळालास त्याबद्दल माफ करायला तो कोण? तो गुन्हा सरकारचा."

नरहरीने देवघराशेजारच्या फ्रेमकडे पाहिलं. गप्प बसला असता, तर मुंबईवाल्याचं नाव कायम राहिलं असतं आणि लायसन्सही. ओट्यावर आल्बर्ट डाव्या हाताने केक कापत होता. पहिला तुकडा त्याने नरहरीसाठी बाजूला ठेवला.

नरहरी तरातरा अंगणात गेला आणि त्याने पानं ओढून काढली. फुटलेल्या दिव्याखाली आल्बर्टच्या मडगार्डचा हिरवा रंग लागला होता.

आल्बर्टने रंगाकडे पाहिलं, मग नरहरीकडे.

"नऱ्या, रातभर मी मुंबईला शिव्या घातल्या. त्या सगल्या आता तुझ्या."

"दे."

त्याने दिल्या. सलोनीला कानांवर हात ठेवावे लागले. मग अडीच वाजता दोघे एकाच रिक्षाने पोलीस स्टेशनला गेले. वाटेत केक खाल्ला.

खटला तीन वर्षं चालला. हाताचं आल्बर्टने मिटवलं. पळाल्याबद्दल मात्र दंड झाला आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. वेळेत कळवलं म्हणून कैद टळली, असं प्रेमलता सांगते.

ते सहा महिने नरहरी सायकलवर होता, आल्बर्टची तीच हिरवी. बाजारात जाताना तो पायडल मारी आणि आल्बर्ट कॅरिअरवर ऐटीत बसे. चर्चचं वळण आलं, की मागून हुकूम यायचा, "थांब रे! उतर. बघ कोन पडलाय का."

आणि नरहरी खरंच उतरून पाटात बघायचा.