डोळ्याकडची कड

मालतीबाई गेल्याची बातमी मला मंगळवेढ्याला कळली. सुट्टीवर घरी होतो. सोलापूरहून आलेला आमच्या गल्लीतला एसटी कंडक्टर दारातूनच म्हणाला, "तुमच्या तपासणीवाल्या डॉक्टरीणबाई गेल्या म्हनं." जेवत होतो, तसाच हात धुतला आणि मिळेल त्या गाडीने निघालो. गाडीत सगळं आठवत राहिलं... बहात्तरच्या दुष्काळात मी बी.एस्सी. झालो, घरातला पहिलाच पदवीधर. पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. मालतीबाईंनी सोलापूरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतलं आणि काम शिकवलं.

शस्त्रक्रियेत काढलेला कातडीचा तुकडा आला की त्या लगेच सुरी लावत नसत. आधी तो अंगावर कसा होता, वरची बाजू कोणती, हे ठरवायचं. त्यासाठी सर्जन एका कडेला दोऱ्याचा टाका घालून पाठवत. मग कडांना शाई लावायची, पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, रोग शाईपर्यंत पोहोचलाय का. पोहोचला असेल तर तिथली कातडी पुन्हा काढावी लागते. "तुकडा आपल्यासमोर असतो, माणूस नसतो. म्हणून आधी माणूस डोळ्यांसमोर आणायचा," असं त्या म्हणत.

एकदा नरसय्या नावाचे विणकर बायकोच्या गालावरून काढलेली गाठ बरणीतून घेऊन आले. गाठ डोळ्याच्या अगदी खालची, संशय कर्करोगाचा. डोळ्याकडच्या कडेला टाका आहे, असं सर्जनांनी कळवलं होतं. तुकड्यावर टाका नव्हता.

"दोरा लोंबत हुता, मीच काडला," नरसय्या सरळ म्हणाले. "लक्ष्मीला बगायचं हुतं काय काडलं ते, म्हून झाकण उगडलं. चादरीवर लोंबता दोरा ठेवत न्हाय की आमी."

मी चिडून बोलणार, तोच मालतीबाई म्हणाल्या, "चादर असती तर मालकानं शाबासकी दिली असती तुम्हाला."

नरसय्या हसले नाहीत. "चुकलं काय बाई? डोळा जातो काय तिचा?"

बाईंनी बरणी पिशवीत घातली आणि आम्ही तिघं टांग्याने दवाखान्यात गेलो. लक्ष्मीबाईंच्या एका गालावर पट्टी होती. बाई दुसऱ्या गालाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. कानाकडे बारीक लव होती, नाकाकडे नव्हती. मग भिंगातून तुकडा पाहिला. त्याच्या एकाच टोकाला तशी लव होती. कातडीची बाजू वर ठेवून ते टोक कानाकडे धरलं, तशी डोळ्याकडची कडही ठरली. सर्जनांनी पाहून होकार दिला. बाईंनी तिथेच त्या कडेला नवा टाका घातला.

पुढे तपासणीत दिसलं, रोग कानाकडच्या टोकापर्यंत गेला होता. डोळ्याकडची कड मात्र स्वच्छ होती. सर्जनांनी पुन्हा कातडी काढली ती कानाच्या बाजूची. डोळ्याला धक्का लावावा लागला नाही...

बाईंच्या घरी पोहोचलो तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांत लक्ष्मीबाई होत्या. गालावरचा व्रण पार कानापर्यंत गेलेला. मला पाहून त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि आधी एक डोळा पुसला, मग दुसरा.