नाचणीच्या तुकड्यातला फोटो

त्या दिवसांत मी स्वतःला फार हुशार समजत होतो. रामनगरात माझा धंदा म्हणजे लग्नाचे फोटो, पत्रिकेवरची नक्षी आणि दुकानांचे बोर्ड. नोकरी कुणाची नाही, डोक्यावर साहेब नाही. त्यात बेळगावला जाऊन मी इंटरनेटवरची पानं तयार करायला शिकलो होतो. गावात फोनची बोंब आणि हा इंटरनेट शिकतोय, म्हणून लोक हसायचे. हसोत बापडे.

असलं पहिलं काम मिळालं ते बेळगावच्या एका माणसाचं. तो पर्यटकांना जंगल दाखवायला न्यायचा. त्याला धंद्याचं पान हवं होतं, फोटोंसकट. "झाडं कुणीबी दाखवतंय, तू माणसं आण," तो म्हणाला.

म्हणून मी कुळगी गावाच्या पुढं, आतल्या रानातल्या एका वाडीवर गेलो. वाडीच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. घर नुकतंच नव्या गवतानं शाकारलेलं, पुढ्यात पिकायला आलेला नाचणीचा तुकडा, आणि सकाळचं ऊन नेमकं त्या मोकळ्या जागेवर. मी कॅमेरा काढला तशी ती म्हणाली, "थांब बाबा, देवाला इचारते." घरामागच्या दगडाच्या देवाला तिनं पाण्यानं दोन फुलं चिकटवली आणि कौल मागितला. आम्ही दोघं बघत बसलो. उजवीकडचं फूल पडलं. "व्हय म्हणतोय. काढ," म्हणाली आणि पदर सारखा करून दारात उभी राहिली.

फोटो झकास आला. तो पानावर चढवून झाल्यावर एक प्रत घेऊन मी तिच्याकडं गेलो. ती हरखून गेली. स्वतःला बघून तोंडाला पदर लावून हसली. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, हा आता जगात कुणालाही दिसतो."

तिचं हसू थांबलं. "कुणालाबी? फॉरेस्टच्या गार्डालाबी?"

"हो, कुणालाही."

म्हातारी मटकन खाली बसली. सासऱ्याच्या वेळेपासून कसत आलेली ती जागा, पण सरकारी जंगलातली. तिच्या नावावर तसूभरही नव्हती. "इतकी वर्सं कुणाच्या डोळ्यात आलं न्हाई," ती म्हणाली. "आता उठवतील मला. कुठं जाऊ?"

"पण देवानं हो म्हटलं ना?"

"देवाला मी फोटूचं इचारलं, बाबा. जगाचं कुठं इचारलं?"

फोटो काढून टाकतो असं सांगून मी तसाच निघालो. बेळगावची बस धरली. वाटेत समोरून एक जीप कुळगीकडं गेली, तर मी खिडकीतून मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. उगाच. जीप कुणाची होती कोण जाणे.

"काढून टाकतोस कशाला? बघ तरी किती नामी दिसतंय," असं म्हणत त्या बेळगावच्या माणसानं कॉम्प्युटरवर पान उघडलं. फोनची लाइन कुरकुरत होती. फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. आधी शेंडे, मग धुकं, मग डोंगराची कड. इथंच लाइन तुटू दे, असं मी मनात म्हणत होतो. छप्पर उतरलं. दार उतरलं. मग पदर सारखा केलेली ती. एवढी भीती मला माझ्याच कामाची कधी वाटली नव्हती.

"दोघांनी विचारलंय सुद्धा," तो खुशीत म्हणाला, "हे घर नेमकं कुठं हाय म्हणून."

"तुम्ही सांगितलंत?"

"कुळगीच्या पुढं, एवढंच."

तो चिडला, पण मी फोटो काढून टाकला. बघणाऱ्यांच्या डोळ्यांतून तो काढायची सोय नव्हती.

पुन्हा वाडीवर गेलो तर मोकळ्या जागेत घर नव्हतं. खांबांचे खड्डे तेवढे दिसत होते. नाचणी अर्धी हिरवी असतानाच कापलेली. उठवलं तिला, असंच वाटलं. तेवढ्यात बांबूच्या बेटातून खोकल्याचा आवाज आला.

वाडीतल्या दोघांना हाताशी धरून तिनंच घर मोडलं होतं. आत गर्दीत, ऊन पोचत नाही अशा जागी, जेमतेम बसता येईल असा आडोसा केला होता. शेजारी दगडाचा देव, त्याच्यावर फूल.

"फोटो काढून टाकला, मावशी. आता कुणाला दिसणार नाही. चल परत."

"इचारलंय त्येला," तिनं देवाकडं बोट केलं. "फूल पडंना."

मी तिच्याजवळ बसलो. चुलीवर पेज रटरटत होती. आम्ही दोघं फुलाकडं बघत होतो. लांब रस्त्यावर जीपचा आवाज आला. तिनं भांडं उचलून पेज तशीच चुलीत ओतली, धूर दिसू नये म्हणून. आणि मी, मला कोण उठवणार होतं, पण मीही खाली वाकलो.