डोणगाव रोडवरचं पर्चेस खातं

आमच्या पर्चेस खात्यात टाचणी आणायची म्हटली तरी मागणीपत्र लागायचं, मंजुरी लागायची, ऑर्डर लागायची. किस्से तेवढे ऑर्डर न देता यायचे, वेळेवर यायचे आणि वजनात एकही कधी कमी भरला नाही! फायली पाच वर्षांनी रद्दीत जायच्या. किस्स्यांना तसा नियम नव्हता, म्हणून ते साचत गेले.

डोणगाव रोडवर आमचं जिनिंग-प्रेसिंग. शेतकऱ्याकडून कापूस घ्यायचा, सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या. बीटी कपाशी नवी नवी आली तेव्हा मी तिथं पर्चेसला लागलो आणि बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली तोवर तिथंच होतो.

तीन माणसं आधी सांगून ठेवतो. साने साहेब, मॅनेजर. पुण्याचे, आणि खरेदीशास्त्राचा कोर्स करून आलेले. रऊफभाई, स्टोअरकीपर, मूळचे रोहिणखेडचे. आणि बाबाराव, ग्रेडर. कापसात हात घालून भाव सांगणारा माणूस. ओल मोजायचं मशीन पुढे आलं, पण मशीन बरोबर आहे की नाही हे बाबारावांना विचारूनच ठरायचं.

*

साने साहेबांनी आल्या आल्या फर्मान काढलं, "तीन कोटेशन आल्याशिवाय एकही खरेदी होणार नाही. सगळ्यात कमी दरवाल्यालाच ऑर्डर."

मशीनचे पट्टे हवे होते. डोणगावात पट्टे ठेवणारं दुकान एकच, रमेशशेठचं. मी त्यांना अडचण सांगितली.

रमेशशेठ म्हणाले, "त्यात काय! बसा, चहा घ्या." चहा होईपर्यंत तीन कोटेशन तयार. एक त्यांच्या नावाचं, एक त्यांच्या मेव्हण्याच्या नावाचं आणि एक शकुंतलावहिनींच्या नावाचं. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्यांच्या कागदावर दर आणि सही तेवढी बाकी होती. त्या आतच पोळ्या करत होत्या. कागद आत गेला, पीठ लागून बाहेर आला, पाकिटात गेला.

साहेबांनी तिन्ही पाकिटं सगळ्यांसमोर फोडली. सगळ्यात कमी दर शकुंतलावहिनींचा! ऑर्डर त्यांना गेली.

संध्याकाळी रमेशशेठ घाम पुसत फॅक्टरीत हजर. "अहो, हे काय केलं तुमी? तिनं मले न इचारता भाव पाडला!"

साहेब म्हणाले, "मग तुम्ही दर कमी लावायचा होता."

वहिनींनी जालन्याला फोन करून थेट कंपनीचा भाव काढला होता. पट्टे तिसऱ्या दिवशी आले. पुढची सहा वर्षं आमच्या यादीत वहिनीच होत्या. रमेशशेठ डिलिव्हरी द्यायला यायचे.

*

लोडशेडिंगचे दिवस होते. साहेबांना प्रत्येक पुरवठादाराचा 'लीड टाइम' हवा होता. म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा वेळ. यासाठी त्यांनी वेगळं रजिस्टर केलं आणि फोनही स्वतःच लावायला घेतले.

मेहकरच्या लेथवाल्याला फोन लावला. "तुमचा लीड टाइम काय?"

तिकडून उत्तर आलं, "या हप्त्यात दुपारी दोन ते सहा."

साहेब खूश झाले. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'चार तास. उत्कृष्ट.' आणि मोडलेला शाफ्ट त्याच दुपारी त्याच्याकडे पाठवला.

आठ दिवस झाले. साहेबांनी चिडून फोन केला, "अहो, चार तास सांगितले होते ना?"

"ते लाइट टायम सांगतला होता साहेब! आता बदलला. या हप्त्यात सकाळी हाय."

*

गाडीतल्या कापसात काडी-कचरा, दोरे, प्लास्टिक जे काही निघतं, त्याला आमच्या धंद्यात 'फॉरेन मॅटर' म्हणतात. किती टक्के निघालं ते लिहायला फॉर्मवर रकाना असतो.

एका थंडीच्या सकाळी यमुनाकाकू बैलगाडी घेऊन फाटकावर आल्या. पांढराशुभ्र माल, गाडी शिगोशीग भरलेली. बाबारावांनी वरचा कापूस पाहिला, मान डोलावली. मग बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घातला. तळातला माल वर काढून पाहिल्याशिवाय ते कुणालाच चिठ्ठी देत नसत.

हात आत गेला आणि बाबाराव जोरात ओरडले. आतून त्यांच्याहून जोरात कुणीतरी ओरडलं!

कापूस हलला. आतून डोक्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस उठून बसला. मिशीला रुई, कानात रुई. काकूंचा घरवाला! पहाटे थंडी वाजली म्हणून गाडीत शिरून झोपला होता. बाबारावांच्या हाती त्याचा पाय लागला होता.

बाबारावांनी छातीवर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाले, "काकू, तुमच्या मालात फॉरेन मॅटर हाय."

काकू तडकल्या, "फॉरेनचा कायले असन भाऊ? देऊळगावचा हाय!"

*

साहेबांचं दुसरं आवडतं शास्त्र म्हणजे निगोशिएशन. आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पहिला आकडा आपण बोलायचा नाही.' जो आधी बोलतो तो हरतो, असं त्यांचं म्हणणं.

गाठींना गुंडाळायचं बारदान लोणारच्या लतीफशेठकडे मिळायचं. साहेबांनी मला बजावून पाठवलं. अडचण एवढीच होती, की लतीफशेठ सत्तरीचे होते आणि उभ्या आयुष्यात पहिला आकडा ते कधीच बोलले नव्हते.

मी दहाच्या एसटीनं पोहोचलो. "काय भावानं द्यायचं शेट?"

"तुमीच बोला."

"नाही, तुम्ही बोला."

चहा झाला. पाऊसपाणी झालं. पुन्हा चहा झाला. दुपारी त्यांनी घरी नेऊन जेवू घातलं. जेवणानंतर सरोवराच्या काठापर्यंत फिरवून आणलं. एवढ्या वेळात त्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं कुठं झाली ते मला कळलं, बारदानाचा भाव कळला नाही. पाचच्या एसटीनं मी रिकामा परत आलो. साहेब म्हणाले, "शाब्बास!"

दोन दिवसांनी टेम्पो भरून बारदान आलं. सोबत बिल. मालाचं वर्णन, नग, सही, सगळं होतं. दराची जागा कोरी. खाली लिहिलेलं, 'भाव तुमच्या इमानानं टाकावा.'

साहेब दोन दिवस त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसले. कमी टाकावा तर इमान जातं, जास्त टाकावा तर कोर्स वाया जातो. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी आकडा टाकला आणि फोन करून शेठना कळवला.

लतीफशेठ पलीकडून शांतपणे म्हणाले, "बरं. हा पहिला आकडा झाला. आता बोलू."

*

कापूस देणाऱ्या शेतकऱ्यांना आमच्या कागदांवर 'सप्लायर' म्हणायचे. साहेब वर्षातून एकदा 'सप्लायर व्हिजिट'ला गावात जायचे. मी दुभाषा.

तेव्हा बीटी बियाण्याच्या पिशवीत एक लहान पाकीट वेगळं यायचं. त्यात साधं, बीटी नसलेलं बियाणं. ते शेताच्या कडेनं चहूबाजूंनी पेरायचं, म्हणजे अळी तिथं जाते आणि तिला बीटीची सवय लागत नाही, असा हिशेब. बहुतेक लोक ते पाकीट फेकून द्यायचे. मधुकरराव मात्र म्हणाले, "म्या दरसाली पेरतो."

साहेबांना फार आनंद झाला. "दाखवा बरं कुठं पेरलंय ते."

मधुकरराव आम्हाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले आणि पलीकडच्या वावराकडे बोट केलं.

"हे शेत तर दुसऱ्याचं दिसतंय," साहेब म्हणाले.

"हाव, भावाचं हाय. पाकिटावर लिहेल होतं, कडेनं पेरा. माह्या कडेनं सारं त्याचंच हाय!"

*

छापील शास्त्राप्रमाणे सहा महिने जागचा न हललेला माल म्हणजे गोदामातला मेलेला माल. तो काढून टाकायचा. साहेबांनी यादी केली. त्यात एक ओळ होती, 'रेतीच्या बादल्या, चाळीस नग. तीन वर्षांत हालचाल नाही.'

रऊफभाई म्हणाले, "साहेब, त्या आगीसाठी हायेत. त्या नाही हालल्या हेच चांगलं नं."

"फायर एक्स्टिंग्विशर आहेत की भिंतीवर. बादल्या भंगारात काढा."

"जी."

बादल्या भंगारात निघाल्या. पावती फाटली, यादीतली ओळ खोडली गेली.

मार्चमध्ये भर दुपारी एका ट्रकच्या सायलेन्सरमधून ठिणगी उडाली आणि यार्डातल्या कापसाच्या ढिगानं पेट घेतला. कापसाची आग पसरताना आवाज करत नाही. ढिगाच्या पलीकडे आठ बाया कचरा वेचत होत्या, त्यांना पत्ताच नव्हता. भिंतीवरच्या दोन नळकांड्यांपैकी एक चाललं, तेही अर्धं मिनिट. साहेब नुसतेच "पाणी! पाणी!" ओरडत होते.

तेवढ्यात रऊफभाई जुन्या प्रेसच्या मागून दोन हातांत दोन बादल्या घेऊन धावत आले. मग हमाल धावले. बादल्यांमागून बादल्या, सगळ्या रेतीनं भरलेल्या. आधी बायांकडची बाजू दाबली, त्यांना बाहेर काढलं, मग ढीग विझवला. बाया धडधाकट. निम्मा ढीग वाचला.

संध्याकाळी साहेब काळवंडलेल्या तोंडानं स्टोअरमध्ये आले. "रऊफभाई, या बादल्या विकल्या होत्या ना आपण?"

"इकल्या होत्या नं साहेब. म्याच घेतल्या. घरी जागा नोहती म्हनून इथं ठेवल्या."

*

आणि मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. झाडं वरून हिरवीगार, बोंडं आतून पोखरलेली. फुटेल तो कापूस पिवळा, डागाळलेला, बोंडाला चिकटलेला. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. मालकांकडून आदेश आला, कवडी घ्यायची नाही. साने साहेबांनी नकाराच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. तळाला नियम होता, 'नाकारलेला माल पुरवठादाराने स्वतः परत न्यावा.'

त्या सकाळी फाटकाबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती. बाबाराव हात घालायचे, मूठ काढायचे, उन्हात धरायचे, "रिजेक्ट" म्हणायचे. मी चिठ्ठी फाडायचो. दहा गाड्यांपैकी सात परत गेल्या. लोक काहीबाही बोलत होते. एकजण ओरडला, "सोताच्या घरचा माल असता तं केला असता का बे रिजेक्ट?"

बाबारावांनी पुढच्या गाडीला हात केला. अकरावी गाडी पुढे आली. गाडीवर कमलवहिनी बसल्या होत्या. बाबारावांच्या घरच्या. चार एकरांतला सगळा कापूस त्या एका गाडीत मावला होता.

रांगेतले लोक पुढे सरकले. साहेब ऑफिसमधून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "बाबाराव, घरचा माल आपण तपासायचा नसतो. ही गाडी मी बघतो."

"तुमाले कापूस समजते का साहेब?"

साहेब खरं बोलणारे होते. "नाही."

"मंग मलेच पाहा लागन."

बाबारावांनी बाही सारली. हात खांद्यापर्यंत आत घातला. तो बराच वेळ आतच राहिला. मग मूठ बाहेर आली, उन्हात उघडली.

"रिजेक्ट."

कमलवहिनी गाडीवरूनच म्हणाल्या, "परवा अंगनात याच हातानं पाह्यला तवा तं चांगला हाय म्हनले."

"तवा घरी होतो," बाबाराव म्हणाले.

वहिनींनी कासरा हातात घेतला. मी चिठ्ठी फाडली, पण ती त्यांच्या हातात द्यायला माझा हात पुढे होईना. बाबारावांनीच ती माझ्याकडून घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "अर्ध्या दिवसाची रजा टाक माही."

मी फॉर्म काढला. नाव लिहिलं, तारीख लिहिली. साहेब शेजारी पेन उघडून उभे होते. मला रकाना भरायचाच होता, म्हणून विचारलं, "कारण काय लिहू?"

बाबारावांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"खाली छापेल हाय नं. तेच उतरून घे."