पाढ्यांचे रुमाल

अर्जुना मास्तर शाळेत पहिल्यांदा नाचले तेव्हा रहिमतपूरपर्यंत जमीन हादरली, देवळाच्या कळसावरचे कावळे उडाले ते थेट सांगलीच्या पेठेत हळदीच्या ढिगात जाऊन पडले, आणि तात्याबांच्या मिशीचं डावं टोक वर गेलं ते महिनाभर खाली आलं नाही, असं गावात सांगतात. यातलं मिशीचं तेवढं खरं.

तात्याबा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला दोन झेंड्या हलवून निरोप धाडायचं काम त्यांनी केलं होतं. तेव्हापासून दोरीवरचं धोतर फडफडलं तरी त्यांना त्यात मजकूर दिसे. त्यात साल त्रेचाळीस. रोज कुठंतरी तारा तुटत होत्या, भूमिगत पोरं डोंगरात होती, आणि गावात जो तो दुसऱ्याकडं तिरकं बघत होता. अशा दिवसांत माणदेशातला हा धनगर मास्तर मारुतीच्या देवळातल्या शाळेवर आला, पोरांच्या एका हातात लाल आणि दुसऱ्या हातात पांढरा रुमाल दिला, गळ्यात ढोल अडकवला आणि पटांगणात धनगरांचा गजी नाच नाचवू लागला. पोरांची तोंडं कुठं? नेमकी डोंगराकडं.

तात्याबांनी समोरच्या लिंबाखाली ठाण मांडलं. लाल तीनदा, पांढरा पाचदा. मग लाल चारदा, पांढरा दोनदा. पलटणीतल्या खुणा लावून पाहिल्या, काही अर्थ लागेना. म्हणजे खूण फारच गुप्त होती, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

जिवाला घोर होता तो नातीचा. सुलाबाई पहिल्या रांगेत नाचायची. पहिलीआधीच्या बिगरीत दोन वर्षं काढलेली, बेच्या पाढ्याला रडणारी ही पोर आताशा शाळेला पळत जाई. याहून संशयाची गोष्ट ती कोणती? उद्या फौजदारानं पोरीलाच धरलं तर? त्यांनी तिला विचारलं, हे हातवारे कसले. ती म्हणाली, पाढा. असं सांगायला कुणी शिकवलं? मास्तरांनी. झालं. तात्याबांनी तिला घरी बसवलं आणि कोरेगाव गाठून फौजदाराला घेऊन आले.

मास्तरांनी ढोल खाली ठेवला. लाल म्हणजे दहा, पांढरा म्हणजे एक, एवढंच त्यांनी सांगितलं.

"आवं तात्या, आमच्यात पोरगं चालायच्या आदी गजी धरतं. पायाला येतंय ते डोस्क्याला सांगायचं, दुसरं काय न्हाई."

"मग डोंगराकडं त्वांड कशापायी?"

"ह्या अंगाला त्वांड केलं की ऊन डोळ्यावं येतं."

फौजदारानं सुलाबाईला बोलावून सात आठे विचारलं. पोर आपल्या रिकाम्या हातांकडं बघू लागली. मास्तरांनी हळूच रुमाल दिले. तिनं पाय आपटत ठेका धरला, लाल पाच वेळा उडाला, पांढरा सहा वेळा, आणि मागनं आपोआप तोंडातून आलं, "छप्पन."

तात्याबांनी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. बरोबर होतं.

"उद्यापास्नं जा गं साळंला," ते म्हणाले. मग मास्तरांकडं वळून, "पर त्ये उनाचं मला पटलं न्हाई."

ते फौजदारालाही पटलं नसावं. त्यानं वर कळवलं. महिन्याभरात मास्तरांची लांबच्या गावी बदली झाली. नवे मास्तर पोरांना मांडी घालून बसवत. त्या वर्षी सुलाबाई गणितात नापास झाली.